सही खाली, मजकूर नंतर

मी अठरा वर्षं लोकांना घरं वाटली. ती घरं माझी नव्हती आणि ज्यांना दिली त्यांचीही नव्हती. विद्यापीठाची होती. विद्यापीठाचं मुख्य ठिकाण दुसऱ्या गावी, नाशिकला त्याचं एक केंद्र. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. केंद्राला लागून कर्मचाऱ्यांची चौसष्ट घरांची वसाहत होती आणि तिचा लिपिक मी होतो. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

संपादकांनी पत्रात 'वसाहतीतले गमतीदार अनुभव' असं लिहिलं आहे. गमती आहेत, सांगतो. पण त्या गमती सांगून मी आजवर एक गोष्ट झाकत आलो. ती डी-अकरा नंबरच्या स्वयंपाकघराच्या छताची आहे. ते छत सुटलं होतं, ते मला माहीत होतं, आणि तसं लिहून देणारा माणूस खोटा ठरला तो माझ्यामुळे. या वेळी तेही लिहितो.

आधी काम काय असतं ते सांगतो. बाहेरच्याला वाटतं, किल्ली द्यायची आणि किल्ली घ्यायची. प्रत्यक्षात हा माणसाच्या मापाचा धंदा आहे. प्राध्यापकांना ए टाइप म्हणजे बंगला, प्रपाठकांना बी, व्याख्यात्यांना सी, आणि शिपाई, परिचर, माळी यांना डी टाइप, म्हणजे दोन खोल्या आणि मोरी. घर मिळालं की ताबा द्यायचा. त्या वेळी मी आणि रहिवासी दोघं मिळून खिडक्यांच्या काचा मोजायचो, खुंट्या मोजायचो, दारांच्या कड्या ओढून बघायचो. घराशी माणसाची पहिली ओळख माझ्यासमोर व्हायची. काही लोक भिंतीला हात लावायचे. काही सरळ संडासात जाऊन साखळी ओढायचे.

भूगोलाचे एक प्रपाठक ताबा घ्यायला होकायंत्र घेऊन आले. म्हणाले, "भाऊसाहेब, नकाशात हे घर पूर्वाभिमुख आहे. प्रत्यक्षात सात अंश दक्षिणेला कललंय."

"मग सर, काय करू?"

"करू काही नका. नोंद घ्या."

मी नोंद घेतली. तक्रार वहीत ती अजून असेल. 'घर सात अंश कलले आहे.' शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'पाहिले.'

पेठ तालुक्याकडचा एक माळी होता. त्याला डी टाइप मिळालं तेव्हा त्याने चार दिवसांनी किल्ली परत आणली. म्हणाला, "भाऊसाहेब, ह्ये घर रातभर दिवसाचं ऊन सोडतंय. मी बागंतच बरा." त्याला समजावून परत पाठवला. तो सामान आत ठेवायचा आणि स्वतः ओट्यावर झोपायचा. वसाहतीत घराबद्दल खरं बोलणारा तो पहिला माणूस, आणि आम्ही त्याच्यावर हसलो.

वीज गेली की लोक माझ्याच दारात यायचे. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. "चिमण्या इथून दिसतात आणि आमच्या घरात मेणबत्ती," असा टोमणा मी शेकडो वेळा ऐकला असेल. दोष बहुतेक वेळा आमच्याच फ्यूजचा असायचा. तो बसवून दिवा लागला की मला वाटायचं, सगळं नाशिक मीच उजळलं.

आता सह्यांबद्दल. आमचं सगळं काम सह्यांवर चालायचं. ताबा पावतीवर सही, पंख्यांच्या यादीवर सही, आणि दुरुस्ती झाली की 'काम समाधानकारक झाले' या चिठ्ठीवर सही. ती सही मिळेपर्यंत तक्रार उघडी राहायची, आणि उघड्या तक्रारी महिनाअखेर साहेबांपुढे जायच्या. प्राध्यापक दौऱ्यावर, शिपाई ड्युटीवर, सहीसाठी चार-चार खेपा. म्हणून किल्ली देतानाच आम्ही रहिवाशाकडून कोऱ्या फुलस्केपवर, अगदी तळाशी, सह्या घेऊन ठेवायचो. चार-पाच कागद. लागेल तेव्हा त्या कागदावर वरच्या जागेत स्टेन्सिलने मजकूर छापायचा. चक्रमुद्रणाच्या, म्हणजे सायक्लोस्टाइलच्या, यंत्रात एक-एक कागद हाताने सरकवला की सही खाली तशीच राहते आणि मजकूर वर उमटतो. ही रीत मुख्य कचेरीतल्या लिपिकांची. मी ती फक्त नीट केली. घरनिहाय पाकिटं, पाकिटावर नाव. लोकांना सांगायचं वाक्यही ठरलेलं होतं, "खाली सही करा, वरचं मी नंतर भरतो."

वरच्या ब्लॉकमधले लोक बोलता-बोलता सह्या करायचे. डी ब्लॉकमध्ये तसं झालं नाही. कोऱ्या कागदाकडे ती माणसं बघत राहिली. तेव्हा डी-अकराचे पगारे पुढे झाले. पगारे प्रयोगशाळेत परिचर होते. बौद्ध कुटुंब, मूळ निफाडकडचं. काचेच्या नळ्या त्यांच्या हातून कधी फुटल्या नाहीत अशी त्यांची ख्याती. ते बाकीच्यांना म्हणाले, "अरे, भाऊसाहेब आपला माणूस हाय. करा सह्या." आणि स्वतः आधी केली. पाच कागदांवर, ठसठशीत, पूर्ण नाव. मग सगळ्यांनी केल्या.

डी ब्लॉकचे स्लॅब बहात्तरच्या दुष्काळात पडले होते. काँक्रीट ओतल्यावर त्याला काही दिवस सारखं पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते वरून वाळतं आणि आतून कच्चं राहतं. त्या वर्षी माणसांनाच पाणी नव्हतं. वसाहतीत टँकर यायचा तो ए टाइपच्या बंगल्यांचे स्लॅब भिजवून संपायचा. डीच्या स्लॅबवर ओलं गोणपाट टाकलं, तेही दोनच दिवस. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

सहा-सात वर्षांनी पगारेंची तक्रार आली की स्वयंपाकघरात पीठ चाळल्यासारखं वरून काहीतरी गळतं. मी गेलो. छत कसं तपासतात तर झाडूच्या दांड्याने ठोकून. गिलावा घट्ट असेल तर भरीव आवाज येतो. सुटला असेल तर ढब-ढब वाजतो, मडक्यासारखा. चुलीच्या बरोबर वर मी दांडा ठोकला. ढब-ढब वाजला.

पगारेंच्या पत्नी, लीलाबाई, परात हातात घेऊन बघत होत्या. म्हणाल्या, "पोकळ वाजतंय ना ओ, भाऊसाहेब?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो म्हंजे कधी? मी रोज ह्याच्याखालीच बसते."

लीलाबाई शिवणकाम करायच्या. अर्ध्या वसाहतीच्या बायकांचे ब्लाउज त्यांच्याकडे. माझ्या बायकोचेही. मी छताची तक्रार वहीत लिहिली आणि वर पाठवली. ती वर गेली आणि तिथेच राहिली.

त्याच सुमाराला मुख्य कचेरीकडून एक पाहणी आली. कर्मचारी आपल्या निवासाबाबत समाधानी आहेत का, याची. वीस-बावीस प्रश्न, शेवटी 'आपण समाधानी आहात काय? होय / नाही', त्याखाली 'सूचना' आणि त्याखाली सही. फॉर्म आमच्याच यंत्रावर, फुलस्केपवर छापायचे होते. आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे वसाहतीचे अभियंता, माणूस वाईट नव्हता.

"भाऊसाहेब, नवीन टप्पा मंजूर व्हायचाय. जुनी घरं लोकांना आवडली तर नवी बांधायला देतील. सगळे समाधानी पाहिजेत."

"सगळे, साहेब?"

"चौसष्टच्या चौसष्ट. एकानं जरी कुरकुर केली तरी तेवढंच धरून बसतील तिकडे."

मी घरोघर फिरलो. त्या फिरण्यात एक गोष्ट कळली. फॉर्म पुरुष भरायचे आणि घरात राहायच्या बायका. पुरुष 'होय'वर खूण करत असताना स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "ओल्या भिंतीचं लिहा की!" पुरुष म्हणायचा, "बरं बरं," आणि सही करून मोकळा व्हायचा. कोणाची बढती अडली होती, कोणाला बी टाइप हवं होतं. भूगोलाच्या प्रपाठकांनीसुद्धा सात अंशांसकट समाधान कळवलं. त्रेसष्ट फॉर्म 'होय'.

पगारेंनी 'नाही'वर खूण केली होती. सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा सुटला आहे. गंजलेली सळई दिसते. माणसाच्या अंगावर पडण्याआधी काढावा, ही विनंती.' अक्षर सुंदर. विनंती शब्दाखाली रेघ.

मी तो फॉर्म घेऊन त्यांच्याकडे परत गेलो असतो तर? 'पगारे, साहेबांचं असं म्हणणं आहे,' असं बोललो असतो तर त्यांनी नकार दिला असता, किंवा दिलाही नसता. मी गेलोच नाही, कारण तोंडावर मागायची लाज वाटली. त्यापेक्षा मला कपाट सोपं वाटलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी डी-अकराचं पाकीट काढलं, सही केलेला एक कोरा कागद यंत्रात सरकवला, आणि वर पाहणीचे प्रश्न छापून घेतले. मग माझ्या पेनने 'होय'वर खूण केली. सूचनेच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही.'

आणखी एक कबूल करतो. तो 'नाही' ए टाइपमधून आला असता तर माझा हात कपाटाकडे गेला नसता. साहेबांना सांगितलं असतं, तुम्हीच काय ते बघा. डी ब्लॉकच्या माणसाचं उत्तर बदलता येतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मला आधीपासूनच येत होतं.

खरा फॉर्म मी फाडला नाही. का नाही, ते नीट सांगता येणार नाही. खिडक्यांच्या काचांच्या जुन्या यादीत तो घालून ठेवला.

दोन महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, डी-अकराच्या छताचा गिलावा खाली आला. लीलाबाई भाकरी थापत होत्या. आवाज झाला म्हणून त्यांनी हात वर केला आणि तो हातच सापडला. उजवं मनगट. हाड बसवलं, पण वाकडं बसलं. मूठ वळायची राहिली ती राहिलीच. महिनाभराने माझी बायको मला म्हणाली, "लीलाबाईंचं शिवण बंद झालं. आता दुसरं कोण बघू?" मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो.

चौकशी बसली. तिघांची समिती, आणि कागदपत्रं ठेवायला मी. पगारे उभे होते. त्यांनी बाहेरच्या खोलीत पाळण्यासाठी छताला एक कडी ठोकली होती, तशा कड्या निम्म्या घरांत होत्या. समितीने ती कडी धरली. हादऱ्याने गिलावा सुटला, असं त्यांचं म्हणणं. तक्रार वही त्यांनी मागितली नाही आणि मी पुढे केली नाही.

पगारे म्हणाले, "साहेब, कडी दुसऱ्या खोलीत हाय. आणि छत सुटलंय हे मी आधीच लिहून दिलं व्हतं. पाहणीत."

अध्यक्षांनी माझ्याकडून फॉर्म घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. "इथे तर तुम्ही समाधानी आहात. सूचना, काही नाही. ही सही तुमची ना?"

पगारेंनी कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वर गेले.

"सही माझी हाय," ते म्हणाले.

"मग झालं."

"अक्षर माझं नाय. पण अक्षर मी ओळखतो."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "अक्षराचं राहू द्या. फॉर्म कोणीही भरून देतं, सही महत्त्वाची." आणि मला विचारलं, "भाऊसाहेब, हा कागद तुमच्याकडे आला तेव्हा त्यावर यांची सही होती?"

"होती," मी म्हणालो.

हे उत्तर शब्दशः खरं होतं. त्याच्यासारखं खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही.

निष्कर्ष असा निघाला की रहिवाशाच्या निष्काळजीपणामुळे छताचं नुकसान झालं आणि त्याने चौकशीत दिशाभूल केली. पगारेंच्या सेवापुस्तकात तसा शेरा पडला. महिन्यात घर सोडायचं होतं. ताबा मीच परत घेतला. काचा मोजल्या, सगळ्या शाबूत होत्या. लीलाबाई टांग्यात बसून होत्या, मांडीवर शिवणयंत्राची लाकडी पेटी. किल्ली देताना पगारे म्हणाले, "कुठं सही करू, भाऊसाहेब?" मी म्हणालो, राहू द्या. पाकिटात त्यांचे अजून चार कागद होते.

आता गमतीचा भाग. पाहणीचा अहवाल मुख्य कचेरीत गेला आणि सहा महिन्यांनी उत्तर आलं की ज्या अर्थी सर्व रहिवासी पूर्णपणे समाधानी आहेत, त्या अर्थी नवीन टप्प्याची तसेच मोठ्या दुरुस्तीची निकड दिसत नाही. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आयला." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. उरलेली त्रेसष्ट समाधानी माणसं त्याच घरांत राहिली, आणि पावसाळ्यात बादल्या लावत राहिली.

पगारे त्याच प्रयोगशाळेत काम करत राहिले. रस्त्यात भेटले की मान हलवायचे. बढतीच्या यादीत त्यांचं नाव दोनदा आलं आणि शेऱ्यामुळे दोनदा मागे गेलं. या याद्या माझ्या टेबलावरूनच जायच्या.

गेल्या वर्षी मी मुदतीआधी नोकरी सोडली. तब्येतीचं कारण दिलं. मला एक्कावन्नावं लागलं होतं. टेबल आवरताना काचांची यादी निघाली आणि तिच्यात तो फॉर्म. पगारे येत्या वर्षी निवृत्त होणार, हे मला माहीत होतं. शेरा निघायचा असेल तर त्याआधीच निघायला हवा होता. मी घरी बसून कुलसचिवांच्या नावे एक अर्ज तयार केला, टंकलिखित करून घेतला आणि नाशिकरोडकडच्या पगारेंच्या घराचा पत्ता शोधत गेलो.

स्वतःचं घर बांधलंय त्यांनी. विटांच्या भिंती, वर पत्रे. मी वर बघतोय हे पगारेंनी बघितलं. "स्लॅब नको म्हणाली ती," एवढंच बोलले.

लीलाबाई यंत्रावर बसल्या होत्या. डाव्या हाताने कापड सरकवत होत्या. "शिकले डाव्यानं," त्या म्हणाल्या, "पण कात्री डाव्या हाताची कुठं मिळत नाय. कापून द्यायला शेजारीण येती."

मी फॉर्म काढून पुढे ठेवला. पगारेंनी चष्मा लावून स्वतःचं अक्षर वाचलं. "बरं व्हतं की अक्षर माझं," म्हणाले.

मी सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "त्याच दिवशी ओळखलं मी. तुमच्या नोटिसा रोज वाचायचो की."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"बोललो की. अक्षर ओळखतो म्हणालो. मग तुमची पाळी व्हती."

मी अर्ज काढून दिला. म्हणालो, कुलसचिवांना देतो, शेरा निघेल. पगारेंनी मोठ्याने वाचला. दुसऱ्या ओळीवर थांबले.

"'अनवधानाने झालेल्या चुकीमुळे'..."

"म्हंजे काय ओ?" लीलाबाईंनी विचारलं.

"म्हंजे लक्ष नव्हतं त्यांचं."

त्यांनी यंत्राचं चाक थांबवलं. "लक्ष तर लय व्हतं. झाडूच्या दांड्यानं वाजवून बघितलं व्हतं माझ्यासमोर."

मी म्हणालो, दुसरा मजकूर करतो. जसा सांगाल तसा लिहितो. 

"तुमचे शब्द नको," पगारे म्हणाले. "शब्द तुमचे लय चांगले असतात."

लीलाबाई उठल्या. यंत्राच्या पेटीतून त्यांनी एक कोरा फुलस्केप काढला, मापं लिहायला ठेवतात तसला, आणि माझ्यापुढे ठेवला. वाकडा उजवा हात कागदावर टेकवून डाव्या हाताच्या बोटाने तळाची जागा दाखवली.

"इथं सही करा. वरचं आम्ही लिहू."

मी कोऱ्या कागदाकडे बघत राहिलो. डी ब्लॉकची माणसं त्या दिवशी तशीच बघत होती. त्या दोघांना घाई नव्हती. पगारेंनी स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं.

मी सही केली. पूर्ण नावाची. लीलाबाईंनी कागद शाई वाळेपर्यंत धरला, न घडी घालता पेटीत ठेवला आणि पुन्हा यंत्रावर बसल्या. चहा झाला, मी निघालो.

त्याला आता सात महिने झाले. वर काय लिहिलं, कुठे दिलं, की अजून कोराच आहे, मला माहीत नाही. विचारायला मी गेलेलो नाही. उद्या कोणी तो कागद माझ्यापुढे धरून विचारलं, तर अक्षर कोणाचं आहे ते मी बघणार नाही. सही माझी आहे.